चिऱ्याच्या घरात गॅलेक्सी टॅब ए९ प्लस: वायफायपुरते परीक्षण

सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. ११ इंची पडदा, १९२० बाय १२०० रिझोल्यूशन, ७०४० एमएएच बॅटरी, स्नॅपड्रॅगन ६९५ चिप. चार्जर खोक्यात येत नाही, केबल येते. बाकीचे गुणदोष कुठल्याही दुकानात कळतील. इथे प्रश्न एवढाच, की गोव्यातल्या डिचोली, पेडणे, फोंडा भागातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात हा टॅब नेट धरून ठेवतो का, आणि ठेवत नसेल तर दोष कुणाचा. टॅबचा क्वचितच. राउटर कुठे ठेवलाय आणि त्याचे सेटिंग काय आहे, याचाच बहुधा.

वायफायच्या बाबतीत टॅब मध्यम प्रतीचा आहे. वायफाय ५ चालते, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड मिळतात. वायफाय ६ नाही. कागदावर ही उणीव दिसते, पण एकट्या टॅबला घरात ती जाणवत नाही. घरगुती फायबरचे स्वस्त प्लॅन ३० ते १०० एमबीपीएसच्या आसपासचे असतात आणि तेवढा वेग वायफाय ५ सहज पेलते. नेटफ्लिक्सला एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरतात. फोरकेला जास्त लागतात, पण या पडद्यावर फोरके दिसायचेच नाही. वायफाय ६ चा खरा फायदा एका राउटरवर वीस-पंचवीस उपकरणे एकदम कामाला लागतात तेव्हा होतो.

जोडणी सोपी आहे. सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय, नाव निवडा, पासवर्ड घाला. पासवर्ड टाइप करताना डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून अक्षरे बघून घ्या. राउटरच्या खालच्या लेबलावर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांत फार वेळ जातो. घरातल्या कुणाचा अँड्रॉइड फोन आधीच जोडलेला असेल तर टायपिंगची गरजच नाही. त्या फोनवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये क्यूआर कोड दिसतो. टॅबवर वायफायच्या यादीच्या तळाशी ‘ॲड नेटवर्क’ मध्ये जाऊन तो स्कॅन करायचा.

एका गोष्टीत गिऱ्हाईक हमखास फसते. यादीत घरच्या नावापुढे ‘५जी’ दिसते ते ५ गिगाहर्ट्झचे वायफाय. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यासाठी टॅबचे महागडे ५जी मॉडेल घ्यायला नको.

आता भिंतीकडे. जुन्या घरात चिऱ्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते, वर आत-बाहेर गिलावा. चिऱ्यात लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असतात, शिवाय तो दगड सच्छिद्र, म्हणजे पावसात पाणी धरून राहणारा. ओली भिंत सुक्या भिंतीपेक्षा जास्त लहरी शोषते. म्हणून मे महिन्यात वसरीवर चालणारे नेट जुलैत अडखळते, आणि दोष बिचाऱ्या टॅबवर येतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरे, पण भिंत ओलांडण्यात कच्चे. एक जाड भिंत पार केली तरी दुसरीपाशी बहुधा दम तोडते. २.४ गिगाहर्ट्झ त्याहून लांब जाते, पण तिथे गर्दी. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती तिथेच, शेजाऱ्याचा राउटरही तिथेच.

मोजायला महाग यंत्र लागत नाही. प्ले स्टोअरवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकट ॲप्स आहेत. सिग्नल डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसतो; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली आकडा गेला की नाव यादीत दिसते, पण पान नीट उघडत नाही. घरभर टॅब घेऊन फिरताना प्रत्येक जागी मिनिटभर थांबा. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करू देतात, त्यामुळे यादीतले आकडे मागून येतात. घाईत फिरलात तर स्वयंपाकघरातला आकडा वसरीच्या नावावर जमा होईल.

आकडे वाईट आले तर पहिला उपाय फुकटचा. राउटर जमिनीवरून, टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटातून काढा आणि डोक्याच्या उंचीवर, दाराच्या रेषेत ठेवा. लहरी भिंतीपेक्षा उघड्या दारातून सहज जातात. राजांगण (मधला चौक) असलेल्या घरात राउटर त्याच्या कडेच्या खोलीत, आतल्या बाजूला ठेवला की चारही अंगांना बऱ्यापैकी पोचतो. फायबर बसवणारा माणूस वायर आत आली तिथेच डबा ठोकून मोकळा होतो, म्हणून जागा आधी सांगून ठेवावी.

तेवढ्याने भागले नाही तर लोक रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) आणतात. हजार-दीड हजारांचा साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय ज्या कोपऱ्यात सिग्नल मुळातच नाही तिथेच तो लावतात, आणि मग तो न मिळालेलाच सिग्नल पुढे वाटतो. त्यापेक्षा कॅट-६ केबल ओढा (१०० मीटरपर्यंत चालते) आणि दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, बाकीचे काम पहिल्याकडे राहते. चिऱ्याला भोक पाडणे काँक्रीटपेक्षा सोपे, लांब ड्रिल बिट मात्र हवे. ॲक्सेस पॉइंट मोड नसेल तर दुसऱ्या राउटरचे डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम) बंद करा, त्याचा आयपी पत्ता बदला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खुपसा, वॅनमध्ये नव्हे. दोन्ही राउटर आयपी वाटत राहिले तर टॅब जोडलेला दिसतो, पण नेट कधी असते, कधी नसते. ही बिघाडाची सगळ्यात चीड आणणारी जात.

दोन्ही बँडला एकच नाव असेल तर टॅब कधीकधी दूर गेल्यावरही मरतुकड्या ५ गिगाहर्ट्झला चिकटून राहतो. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये नावे वेगळी करा. त्यासाठी ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. राउटरच्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४. तिथेच सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत निवडलेली असेल तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. कितीही चांगला टॅब आणा, हा आकडा हलणार नाही. २.४ चे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजारी कमी ते घ्या. मधले ३ किंवा ४ घेतले तर दोन्हीकडची गर्दी अंगावर येते.

५ गिगाहर्ट्झसाठी चॅनल ३६ ते ४८ मधले निवडा. ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले चॅनल आहेत. त्यांवर राउटर चालू झाला की निदान ६० सेकंद नुसता ऐकत बसतो, मग नाव हवेत सोडतो. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते-येते, आणि दर वेळी २.४ चे नाव लगेच दिसते, ५ चे दिसत नाही. लोक टॅब रिस्टार्ट करत बसतात.

आता टॅबवर येणाऱ्या निरोपांकडे. ‘कनेक्टेड विदाउट इंटरनेट’ याचा अर्थ टॅब राउटरपर्यंत पोचला, राउटर बाहेर पोचला नाही. त्याच वायफायवर फोन लावून बघा. फोनवरही नसेल तर फायबरच्या डब्याकडे जा. त्यावरचा पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असायला हवा. लॉस (LOS) लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. आपल्याकडे वायर विजेच्या खांबांवरून येते आणि माडाची एक झावळी पुरते. टॅबशी खेळण्यात वेळ घालवू नका, कंपनीला फोन करा. फक्त टॅबवरच नेट नसेल तर आधी तारीख-वेळ तपासा. बॅटरी पूर्ण संपून पडून राहिलेल्या टॅबची वेळ चुकू शकते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. त्यानंतर व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याची वेगळी सोय) बंद करून बघा.

आयपी पत्ता मिळत नाही असा निरोप आला तर वाटण्यासाठी राउटरकडे पत्ते उरलेले नाहीत, अशी शक्यता असते. चवथीला मूळ घरी सगळे जमले की हे घडते. तीस माणसे, प्रत्येकाचा फोन, कुणाचा लॅपटॉप, वर टीव्ही. काही राउटरांत पत्त्यांचा साठा मुळातच लहान ठेवलेला असतो, आणि दिलेला पत्ता साधारण २४ तास राखून ठेवतात. म्हणजे सकाळी आरतीला येऊन गेलेल्यांचे पत्तेही अडकलेले. राउटरमध्ये साठा (पत्त्याचा शेवटचा आकडा) २ ते २५४ असा वाढवा आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवण्याची मुदत, २ तासांवर आणा. बदल केल्यावर राउटर एकदा बंद-चालू करा.

पासवर्ड बरोबर असूनही टॅब बाहेर फेकला जातो तेव्हा मॅक फिल्टरचा संशय घ्या. कॉलेजची वसतिगृहे, कार्यालये उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या वायफायचा ओळख क्रमांक) नोंदवून घेतात आणि नोंद नसलेल्यांना अडवतात. अँड्रॉइड १० पासून उपकरण प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवते. नेटवर्कच्या नावाशेजारचे चक्र, ‘व्ह्यू मोअर’, मॅक ॲड्रेस टाइप: तिथे खरा मॅक निवडून तोच नोंदवा. घरच्या वायफायवर मात्र बनावटच असू द्या.

हॉटेल, कॅफे, विमानतळ इथले लॉगिनचे पान आपोआप आले नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. साधे, कुलूप नसलेले संकेतस्थळ असल्याने राउटर ते अडवून आपले पान पुढे करू शकतो. इथेही प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन आडवे येतात. ओटीपी मोबाइल क्रमांकावर येतो. फक्त वायफायच्या मॉडेलात सिम नाही, तेव्हा क्रमांक फोनचा द्या. आयफोनचे हॉटस्पॉट दिसत नसेल तर आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉटचे पान उघडे ठेवा आणि ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. हॉटस्पॉट वापरताना टॅबवर ते नेटवर्क ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचे) करा. नाहीतर ॲपचे अपडेट रोजचा डेटा एका बैठकीत खाऊन टाकतील.

सगळे करून थकल्यावर नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्याने जोडा, आणि तेही फसले तर जनरल मॅनेजमेंट, रिसेट यातून फक्त वायफाय-ब्लूटूथचे सेटिंग रिसेट करा. फोटो, फायली जात नाहीत. साठवलेले सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फॅक्टरी रिसेटची घाई करू नका. वायफायच्या तक्रारीवर दुकानदार तोच सल्ला आधी देतात.

विजेसाठी मिनी यूपीएस घ्याच. अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि पिनची ध्रुवता जुळली पाहिजे. बहुतेक डबे १२ व्होल्टचे, काही लहान राउटर ९ चे. १२ व्होल्ट ९ व्होल्टच्या राउटरला दिले तर तो जळू शकतो. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुटचा यूपीएस लागतो. आत २००० एमएएचच्या चार सेल असतील तर साधारण ३० वॅट-तास होतात. ८ वॅट खाणारा राउटर त्यावर तीन तास चालतो. जाहिरातीत मात्र ‘८००० एमएएच’ एवढेच लिहितात, आणि त्यावरून किती तास चालेल ते कळत नाही. गडगडाटात फायबरमधून वीज येत नाही, ती काच आहे. येते ती अडॅप्टरमधून. विजा चमकू लागल्या की प्लग काढा.

कोणते मॉडेल? घरात फायबर असेल तर फक्त वायफायचे पुरे. सत्तरीच्या दऱ्याखोऱ्यांत, सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत फायबर पोचलेली नसेल तर ५जीचा विचार करा. पण आधी तुमच्या सिमचा सिग्नल घराच्या आत बसून बघा. अंगणात चार दांडे आणि आत एक, अशी स्थिती असेल तर जास्तीचे पैसे वाया. त्यापेक्षा फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट द्या.

म्हापसा, मडगाव, कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी दुकानातच आपल्या फोनचे हॉटस्पॉट एकदा २.४ वर, एकदा ५ वर ठेवून टॅब जोडून बघा. पाच मिनिटांचे काम. नंतर बिघाड आल्यास निकष हा: राउटरपासून तीन मीटरवर, मध्ये भिंत नाही, फोन चालतो आणि टॅब दोन्ही बँडवर तुटतो. आवाज-कमी आणि पॉवर बटण एकत्र दाबून येणाऱ्या यादीतले ‘पॉवर ऑफ’ लांब दाबा, सेफ मोड येतो, म्हणजे आपण टाकलेली ॲप्स बंद ठेवून टॅब चालतो. त्यातही तुटत असेल तर दोष टॅबचा. सेफ मोडमध्ये नीट चालला तर एखादे ॲड-ब्लॉकर किंवा व्हीपीएन ॲप खोडी करते आहे, अलीकडे टाकलेली काढत जा. वॉरंटी एक वर्षाची आहे. सर्व्हिस सेंटरला देण्याआधी बॅकअप घ्या, मेमरी कार्ड काढून ठेवा आणि बिलाची प्रत जवळ ठेवा.