जुना पियानो: फोटो पाठवून सल्ला घ्यायचा की ट्यूनरला (सूर जुळवणाऱ्या कारागिराला) घरी बोलवायचं?

वारशाने आलेल्या पियानोचं नुसतं वय हवं असेल, तर फोटो पुरतात. वरचं झाकण उघडलं की आत लोखंडी चौकटीवर किंवा लाकडावर सिरियल नंबर दिसतो. स्टाइनवे, यामाहासारख्या कंपन्यांच्या नंबरांवरून बनवल्याचं साल घरबसल्या काढता येतं.

किंमत मात्र फोटोवरून कुणी सांगितली, तर मी ती मनावर घेणार नाही. जुना म्हणजे महाग, हा समज तर सोडाच. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात, त्यांचा एकूण ताण कित्येक टनांचा. ज्या पिनांना त्या गुंडाळलेल्या असतात, त्या लाकडी फळीत घट्ट बसवलेल्या असतात. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, नंतर आकसतं. वर्षानुवर्षं हे झालं की पिना सैल होतात आणि सूर टिकत नाही. हे ट्यूनरने किल्ली लावून पिन फिरवल्यावरच कळतं. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा झिजलेला फेल्ट (लोकरीचा जाड थर), साउंडबोर्डची म्हणजे आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीची चीर, तारांचा गंज, वाळवी हेही तोच तपासतो. ट्यूनर माहीत नसेल तर धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात विचारा. फी आधीच ठरवा. आणि ट्यूनर स्वतःच तुमचा पियानो विकत घ्यायला निघाला, तर त्याने सांगितलेला आकडा दुसऱ्याकडून पडताळा.

निगेबाबतही माझं मत ट्यूनरलाच. फोटो पाहून सल्ला देणारा थंड देशातला असेल, तर तो हिटरमुळे कोरड्या पडलेल्या खोलीत ओलावा वाढवायला सांगेल. आपल्याकडे जुलैत तो कमी कसा करायचा हाच प्रश्न असतो.