ब्रेड कुठून घ्यायचा: बुलाँजरी की सुपरमार्केट?

फ्रान्समध्ये राहून फ्रेंच शिकत असाल, तर ब्रेड बुलाँजरीतूनच, म्हणजे फ्रेंच बेकरीतूनच घ्या. १९९८ च्या कायद्यानुसार ‘बुलाँजरी’ अशी पाटी लावायची तर पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं तिथंच व्हावं लागतं. आत शिरताच आधी ‘बोंजूर’ (नमस्कार), मगच मागणी. हे चुकवलं तर उद्धट वाटतं. ‘बागेत’ (baguette) म्हणजे लांब काठीसारखा ब्रेड. त्यातली ‘त्रादिस्याँ’, म्हणजे पारंपरिक पद्धतीची मागा, तिची कणीक गोठवायला बंदी आहे. ‘पा त्रो क्वीत’ म्हटलं की मऊसर मिळते, ‘बियाँ क्वीत’ म्हटलं की खरपूस. रांगेत पुढच्यांचं ऐकत राहा, कान तयार होतो.

सुपरमार्केटात ब्रेड स्वस्त पडतो. पण स्वतः स्कॅन करून पैसे भरले, तर तोंड उघडावंच लागत नाही! बुलाँजरीला साप्ताहिक सुट्टी असेल, त्या दिवशी सुपरमार्केटातून घ्यायला हरकत नाही.