सेल्युलर जेल आणि रॉबेन आयलंड : दोन बेटं, दोन तुरुंग

दोन्हीकडे पहारेकरी समुद्रच. फरक आहे तो आतल्या रचनेत.

अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये पुरं झालं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती निघाल्या होत्या. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये. बराकी नाहीत, फक्त सुट्या कोठड्या. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच आवारात वर्षानुवर्षं होते. तरी दोन शब्द बोलायची चोरी. वर कोलू, म्हणजे तेलाचा घाणा. बैलासारखं जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. ही शिक्षा मला फटक्यांपेक्षा क्रूर वाटते.

केपटाऊनसमोरच्या रॉबेन आयलंडचा इतिहास त्याहून जुना. डचांनी सतराव्या शतकातच तिथे कैदी धाडले, पुढच्या काळात कुष्ठरोग्यांनाही तिथेच ठेवलं गेलं. मंडेला १९६४ ते १९८२ तिथे होते. चुनखडीच्या खाणीतल्या लखलखाटाने त्यांचे डोळे अधू झाले. पण खाणीत माणसं एकत्र होती, आणि वर्णद्वेषी सरकारची चूक तिथेच झाली. दगड फोडता फोडता इतिहास, राजकारण शिकवलं जाई. कैदी त्याला विद्यापीठच म्हणत. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे दुसरे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांना मात्र वेगळ्या घरात, सगळ्यांपासून तोडून ठेवलं होतं. ती थेट अंदमानची रीत.

आज सेल्युलर जेलच्या सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत; तिथे संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो. रॉबेन आयलंडवर मात्र माजी कैद्यांनीच पाहुण्यांना कोठड्या दाखवल्या आहेत.