केबिन बॅग की चेक-इन? कामाच्या प्रवासाआधी काय पाहून ठरवायचं

दोन रात्रींचा दौरा असेल तर केबिन बॅग, आठवडाभराचा असेल तर चेक-इन, असा सरधोपट हिशेब बहुतेक जण करतात. तो बऱ्याचदा चुकतो. दिवस मोजण्याआधी पाहायचं ते हे, की विमान उतरल्यावर पहिली बैठक किती तासांनी आहे. मधे एक अख्खी रात्र असेल, तर बॅग उशिरा येणं हा फक्त मनस्ताप ठरतो. मधे तीनच तास असतील, तर सादरीकरणाचे कपडे आणि कागद बेल्टवर आलेच नाहीत म्हणून बैठकच हातची जाते.

वेळापत्रक बिघडलं तर

सगळं सुरळीत असताना दोन्हींतला फरक फार मोठा नाही. चेक-इन बॅगेचा काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी अनेक ठिकाणी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, आणि उतरल्यावर बेल्टपाशी अर्धा तास धरून चालावं लागतं. केबिन बॅगवाला थेट सुरक्षा तपासणीकडे जातो आणि उतरल्यावर थेट बाहेर पडतो.

खरा फरक पडतो तो बेत बदलल्यावर. बैठक लवकर आटोपली आणि आधीच्या विमानात जागा आहे, किंवा उड्डाण रद्द झालं आणि दुसऱ्या कंपनीचं विमान तासाभरात सुटतंय. हातात बॅग असेल तर प्रश्न फक्त तिकिटाचा राहतो. बॅग आत गेली असेल, तर ती आधी शोधून बाहेर काढावी लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात, प्रवासी स्वतः चढला नाही तर त्याची बॅग उतरवण्याचा सुरक्षा नियम आहे. त्यामुळे ‘मी पुढे जातो, बॅग मागून पाठवा’ असं आपल्या मर्जीने करता येत नाही.

मधे विमान बदलायचं असेल तर काउंटरवरच बॅगेचा टॅग वाचा. त्यावरचा तीन अक्षरी विमानतळ कोड शेवटच्या मुक्कामाचा आहे की मधल्या थांब्याचा, हे दोन सेकंदांत कळतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग बहुतेक वेळा मधेच घ्यावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. अमेरिकेत तर टॅग शेवटच्या शहराचा असला तरी देशात शिरताना पहिल्या विमानतळावर बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते, असंच बहुतेक वेळा असतं. वेगळी तिकिटं आणि मधे तीन तासांहून कमी वेळ, असं असेल तर चेक-इनचा विचारच सोडा.

सात किलोचं गणित

केबिन बॅगेची मर्यादा अनेक कंपन्यांत ७ किलो आहे, काहींत ८ किंवा १०. चार चाकांची कडक कवचाची बॅग रिकामीच तीन किलोच्या आसपास भरते. लॅपटॉप आणि चार्जरचे दोन किलो त्यातच धरले, तर उरतात दोन. जोडा एक किलो खातो. म्हणजे कपड्यांना उरला एक किलो, तीन शर्ट आणि जेमतेम एक पँट. म्हणून दोन गोष्टी आधी तपासा. लॅपटॉपची बॅग वेगळी धरतात की त्याच वजनात, आणि तुमच्या तिकिटात वरच्या कप्प्यात ठेवायची बॅग मुळात आहे का. सगळ्यात स्वस्त भाड्यात काही कंपन्या फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी देतात. मापं घेताना चाकं आणि हँडल धरून मोजा. ५५ सेंटिमीटरची म्हणून विकलेली बॅग चाकांसकट ५७ भरते आणि मापाच्या सांगाड्यात अडकते.

जाड जोडा आणि कोट अंगावर घालूनच विमानात चढा. कोट बॅगेतच न्यायचा असेल तर त्याचा एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्यात खोचा, अस्तर बाहेर राहू द्या, उभी घडी घालून सगळ्यात वर ठेवा. चुण्या पडल्या तरी त्या आतल्या बाजूला पडतात.

चेक-इनला इकॉनॉमीत अनेक कंपन्यांत २३ किलो मिळतात, काहींत कमी. तिथं अडचण दुसरीच. जागा आहे म्हणून माणूस भरत जातो आणि लॅपटॉपचा चार्जर शेवटी त्याच बॅगेत जातो.

द्रव आणि बॅटरी: इथं नियमच ठरवतात

हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपर्यंतच्याच बाटल्या, त्याही सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, ही २००६ पासूनची पद्धत बहुतेक विमानतळांवर अजून चालू आहे. नव्या स्कॅनरच्या काही विमानतळांवर ती सैल झाली आहे. पण परतीचा विमानतळ जुन्या नियमाचा असू शकतो, म्हणून जुनाच नियम धरून भरा. माप बाटलीवर छापलेलं पाहतात. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला चमचाभर शांपू असला तरी ती काढून घेतात.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत. हातातल्या सामानात १०० वॉट-अवरपर्यंत (Wh, बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) परवानगी लागत नाही, १०० ते १६० दरम्यान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. फक्त मिलीअँपिअर-अवर (mAh) छापलेले असतील तर त्यांना ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० म्हणजे ७४ वॉट-अवर. आकडा पुसट झालेली पॉवर बँक तपासणीत जप्त होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि तपासात पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवण्याचा नियम केला आहे.

केबिन बॅगेच्या बाजूने बोलताना एक धोका बहुतेक जण विसरतात. विमान भरलेलं असलं की शेवटच्या गटातल्यांच्या बॅगा गेटवर घेऊन खाली सामानात टाकतात. त्या घाईत पॉवर बँक, औषधं, लॅपटॉप आणि पासपोर्ट काढून घ्यायचं राहतं. या चारही वस्तू एका चपट्या पाऊचमध्ये, बॅगेच्या वरच्या खणात ठेवा. मागितली की पाऊच उचला आणि बॅग द्या.

बॅग आलीच नाही तर

विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असं धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. ही मर्यादा आहे, हमी नव्हे, नुकसान पावत्यांनी दाखवावं लागतं. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढा आणि अडल्यावर घेतलेल्या शर्टाची पावतीही जपा. आत ट्रॅकर टाकाच. बॅग कुठे आहे हे तुम्हीच सांगितलंत तर शोध पुष्कळ लवकर लागतो.

नमुने न्यायचे असतील

इथं चेक-इनला पर्याय नाही. नुसते दाखवून परत आणायचे व्यावसायिक नमुने असतील तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे तात्पुरता नेलेला माल शुल्क न भरता कस्टम्समधून नेता-आणता येण्याचा परवाना. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. विकायच्या आणि वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. चूक हमखास होते ती क्रमात. बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टम्समध्ये माल दाखवून शिक्का घ्यायचा असतो. आधी बॅग दिली तर दाखवायला मालच उरत नाही, आणि बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर पुढे शुल्काची मागणी येऊ शकते. यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

मग काय घ्यायचं?

उतरल्या दिवशीच काम, विमान बदल किंवा बेत बदलण्याची शक्यता, यांपैकी एकही असेल तर केबिन बॅग. नमुने, अवजारं किंवा दोन हवामानांचे कपडे असतील तर चेक-इन. पण तेव्हाही एक शर्ट, अंतर्वस्त्रं, औषधं, चार्जर आणि सादरीकरणाची प्रत हातातच.

जाताना आणि येताना एकच पद्धत हवी असंही नाही. जाताना केबिन आणि परतताना चेक-इन हा मेळ फार उपयोगी पडतो. घरी बॅग दुसऱ्या दिवशी आली तरी काम अडत नाही, आणि भेट मिळालेली बाटली बिनघोर येते. तिकिटात चेक-इन नसेल तर परतीची बॅग आदल्या दिवशी ऑनलाइन जोडा, काउंटरवर ती सहसा महाग पडते. आणि ती सोपवण्याआधी वरच्या खणातला पाऊच काढून घ्या.