चौकातली प्रार्थना आणि शेजाऱ्याची उशाशी बसून सेवा

गळ्यात क्रूस मिरवणे किंवा चौकात उभे राहून मोठ्याने प्रार्थना करणे हा ख्रिस्ती श्रद्धेचा एक आविष्कार, तर आजारी शेजाऱ्याच्या उशाशी रात्र जागून काढणे हा दुसरा. पहिल्याला सरसकट ढोंग म्हणता येत नाही, कारण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्या असे सांगतो. मात्र तिथेही लोकांना दिसायची आहेत ती सत्कर्मे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. पुढच्याच अध्यायात तो दार लावून प्रार्थना करायला सांगतो.

दुसऱ्याचे चित्र लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या एका बोधकथेत, बारकाईने येते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतलीच माणसे, पलीकडच्या बाजूने निघून जातात. यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी मात्र त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार (त्या काळची नाणी) देऊन वरचा खर्च परतताना भागवण्याचे कबूल करतो. शोमरोन्याच्या प्रार्थनेविषयी कथेत एक अक्षरही नाही. क्रूस घालायला क्षणभर पुरतो. इथे वेळ, पैसा आणि पुन्हा येण्याचा शब्द खर्ची पडतो, म्हणून मला दुसरा मार्ग अधिक अवघड आणि अधिक विश्वासार्ह वाटतो.