समुद्रकाठच्या परदेशी घरांचं प्रदर्शन, अंधेरी : बटाटेवडा झकास, बाकी जपून

पाचपैकी अडीच स्टार, त्यातला अर्धा बटाटेवड्याचा.

रिटायर झाल्यावर वर्षातले तीन-चार महिने बाहेर समुद्रकाठी राहायचं, अशा लोकांसाठी अंधेरीच्या एका हॉटेलात हे भरलं होतं. थायलंड, मॉरिशस, पोर्तुगाल सगळे एकाच हॉलमध्ये, एंट्री फ्री, पण दारातच मोबाईल नंबर घेतात आणि मग फोन काही थांबत नाहीत.

आम्हाला थायलंड बघायचं होतं, जवळ पडतं आणि पन्नाशीनंतर रिटायरमेंट व्हिसा मिळतो, तिथल्या बँकेत ८ लाख बाहत (थाई चलन) ठेवायचे नाहीतर महिना ६५ हजार बाहत उत्पन्न दाखवायचं. स्टॉलवरचा पोरगा म्हणे, काका, मुंबईचा पावसाळा टाळायला फुकेत बेस्ट. अरे बाबा, फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला, मे ते ऑक्टोबर तिथेही आपलाच नैऋत्य मान्सून कोसळतो, बीचवर लाल झेंडे लागतात! पावसाळा चुकवायचा तर थायलंडच्या आखाताकडचं हुआ हिन बघा, तिथे खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हिने हे विचारल्यावर तो ब्रोशर चाळायला लागला.

ब्रोशरची पण गंमत. व्हिलाच्या फोटोखाली ठळक "९० वर्षं निर्धास्त", शेजारी एक बारीकशी चांदणी, आणि तिचा खुलासा मागच्या पानावर भिंगाने वाचावा असा : ३०+३०+३० लीज. तिथे परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही आणि लीज एका वेळी ३० वर्षांचीच रजिस्टर होते, पुढचं सगळं भरवशावर. कॉन्डो, म्हणजे बिल्डिंगमधला फ्लॅट, मात्र आपल्या नावावर होतो, पण बिल्डिंगच्या एकूण एरियाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालक चालतात आणि पैसे बाहेरून परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद लागतो. कोटा शिल्लक आहे का विचारलं तर "चेक करून कळवतो सर". कळवलं नाही अजून.

पैशांच्या हिशोबात तर टीसीएसचा, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आधीच घेते त्या टॅक्सचा, पत्ताच नाही. ८० लाख पाठवले तर पहिले १० लाख सोडून ७० लाखांवर २० टक्के, म्हणजे १४ लाख बँक आधीच कापून घेणार, रिटर्न भरताना ॲडजस्ट होतात हे खरं पण तोपर्यंत अडकलेच ना. शेजारचे एक काका दादरचा फ्लॅट विकून घेणार होते, त्यांना कोणी सांगितलंच नाही की फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावरच्या (कॅपिटल गेन) टॅक्समध्ये नवीन घरासाठीची सूट ते घर भारतात असेल तरच मिळते. आणि ते परदेशातलं घर दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं, लपवलं तर दंड १० लाखांचा.

पोर्तुगालवाल्यांचं तर काय बोलावं, घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, ही स्कीम २०२३ मध्येच बंद झाली, बॅनर तसाच!

मॉरिशसच्या स्टॉलवरच्या ताई मात्र एक नंबर. ठरावीक स्कीममध्ये ३,७५,००० डॉलरचं घर घेतलं की रेसिडेन्स परमिट मिळतं, पण एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या स्कीममध्ये, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच जातात, तेव्हा काकूंच्या नावानेही पाठवावे लागतील, हे त्यांनी न विचारता सांगितलं. बजेट विचारून सरळ म्हणाल्या, तुमचं नाही जमायचं. हा प्रामाणिकपणा आवडला.

"आजच टोकन भरा, उद्या रेट वाढेल" याला अजिबात भुलू नका, सीए सोबत असेल तर उत्तम. पार्किंग महाग आहे, मेट्रोने जा.