फॅमिलीसर्चचा ‘फुल टेक्स्ट सर्च’: पाचपैकी पाच तारे

माझे जावई मॅसॅच्युसेट्सचे. नातीला दोन्हीकडची वंशावळ मिळावी म्हणून त्यांच्या बाजूचं काम मी हाती घेतलं. त्यात एक आत्याबाई काही केल्या सापडत नव्हत्या. लग्न नाही, मूलबाळ नाही आणि १८५० च्या आधीच्या अमेरिकी जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं!

त्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर, ‘फुल टेक्स्ट सर्च’ या शोधसोयीत सापडल्या. सेवा मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. संगणक हस्तलिखित पानं वाचतो, त्यामुळे सूचीत नसलेलं, मजकुराच्या पोटात दडलेलं नावही हाती येतं. अविवाहित बाईसाठी हे फार मोलाचं, कारण तिचा उल्लेख बहुधा बापाच्या किंवा भावाच्या मृत्युपत्रात असतो: ‘लग्न होईपर्यंत’ घरातली एक खोली आणि सरपण. तिचं स्वतःचं मृत्युपत्र मिळालं तर सोनंच. तेव्हा विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा मृत्युपत्र करता येत नसे, अविवाहितेला येई. आमच्या आत्याबाईंनी पिसांची गादी, चहाचे चमचे, सगळं पुतण्या-भाच्यांना नावानिशी वाटलंय. त्यातल्या लग्न झालेल्यांची सासरची आडनावंही तिथेच मिळाली. ते पान वाचताना मला भरून आलं.

आडनाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधा. जुन्या अक्षरातला लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो. मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची यादी, प्रशासकाचा (मालमत्तेची व्यवस्था लावायला कोर्टाने नेमलेल्या माणसाचा) जामीन आणि वाटणीचा कागद बघा. आणि मूळ पान उघडून स्वतः वाचाच.